जर्मन भजनी मंडळाचा कोल्हापुरी इतिहास

गुंडू चौगुल्याचा आवाज नेमका कुठून येतो, हे त्याच्या बायकोलाही कधी उमगलं नव्हतं. माणूस अंगानं काटकुळा, गळा सुरईसारखा बारीक, पण तोंड उघडलं की आडाच्या तळातून कुणीतरी हाका मारतंय असं वाटायचं. त्यानं दुकानात जाऊन 'पावशेर शेंगदाणं द्या' म्हटलं, तर वाण्याच्या काट्याची रिकामी पारडी हलायची. आणि असल्या या गुंडूला लहानपणापासून नाद होता तो गाण्याचा.

पेठेतल्या दत्ताच्या देवळात दर गुरुवारी दिवेलागणीला भजन व्हायचं. मंडळ निव्वळ पुरुषांचं, आणि त्याचे सर्वेसर्वा होते हंबीरराव. गुळाचे अडते. सगळी पेठ त्यांना आबा म्हणायची. आबांचा आवाज उंच आणि खणखणीत, स्वभावही तसाच. टाळ जरा मागं पडला की ते भजन थांबवायचे आणि भर देवळात गड्याची हजेरी घ्यायचे. "आरं, टाळ हाय त्यो! सासऱ्याचं डोस्कं बडवल्यागत काय बडवतोस?"

लढाईहून परत आल्यावर गुंडू पहिल्याच गुरुवारी मोठ्या हौसेनं देवळात जाऊन बसला आणि त्यानं डोळे मिटून सूर लावला. आबांचा हात जागच्या जागी थांबला.

"गुंड्या, देवाला आळवायचंय, पळवून लावायचं न्हाय."

सगळं देऊळ हसलं. त्या दिवशी ठरलं की गुंडूनं जाजम अंथरायचं, टाळ काढून द्यायचे, भजन संपलं की मोजून ठेवायचे, आणि मधल्या वेळात तोंड मिटून भक्ती करायची. गुंडूनं ते मान्य केलं, कारण नाही म्हटलं असतं तर देवळात बसण्याचीही सोय राहिली नसती. वर्षामागून वर्षं तो जाजमाच्या कडेला बसून नुसते ओठ हलवत राहिला.

आता लढाईचं. गुंडू मराठा पलटणीत होता. तोब्रुकच्या वाळवंटात पलटणीतल्या बऱ्याच जणांबरोबर पकडला गेला, आधी इटलीत आणि मग जर्मनीत कैदेत राहिला. तिथं त्याला एका शेतकऱ्याकडे कामाला लावलं होतं. बटाटे काढायचे, गायींचं शेण भरायचं. त्यामुळे त्याला जर्मन भाषा आली ती गायीला समजेल एवढी. पण कोल्हापुरात ती तपासणार कोण? "गुंडू, जर्मनमधी मिसळीला काय म्हंत्यात रं?" असं कुणी विचारलं की गुंडू जराही न अडखळता काहीतरी लांबलचक ठोकून द्यायचा. ऐकणारा मान डोलवायचा. हळूहळू पेठेत बोलबाला झाला, की गुंडू चौगुले जर्मन पाण्यासारखी बोलतो.

हा बोलबाला एकोणीसशे पंचावन्न साली अंगाशी आला.

गुंडू उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत मदतनीस होता. मालकांनी जर्मनीहून नवं यंत्र मागवलं, आणि यंत्राबरोबर ते बसवून वर्षभर चालवून द्यायला तिथला फिटर आला. विल्हेल्म क्राउझ त्याचं नाव. पन्नाशीचा, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, मिशा मक्याच्या कणसाच्या केसांसारख्या. त्याला इंग्रजी जेमतेम, मालकांना जर्मन शून्य. मालकांनी सगळ्या कामगारांदेखत गुंडूला पुढं ढकललं.

"बोल रं साहेबाशी."

गुंडूनं हात पुसले. जे आठवलं ते त्यानं बोलून टाकलं. त्याचा अर्थ असा होता : "शुभ सकाळ. गाय बरी आहे. बटाटे कुठं टाकू?"

साहेब क्षणभर बघतच राहिला. मग असा हसला की मिशा थरथरल्या. त्यानं गुंडूला कवेत घेतलं आणि जे बोलायला सुरुवात केली ते थांबेचना. घर सोडून तीन आठवडे झालेल्या माणसाला गायीची का होईना, आपल्या भाषेतली विचारपूस भेटली होती. गुंडू मान डोलवत 'या, या' म्हणत राहिला. जर्मनमध्ये हो म्हणायला 'या' म्हणतात एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. कामगारांना वाटलं गुंडू साहेबाचं स्वागत करतोय. साहेबही 'या, या' म्हणाला, तेव्हा मागे उभे असलेले चार जण खरंच पुढं आले.

मालक खूश झाले. गुंडू दुभाष्या झाला. यंत्राच्या कामात भाषेची फारशी अडचण नव्हतीच. पाना दाखवला की पाना, हातोडा दाखवला की हातोडा. साहेबाची राहण्याची सोय गुंडूच्या शेजारच्या खोलीत झाली आणि जेवणाची गुंडूच्या घरी. गुंडूची बायको चिमणाबाई हिला विल्हेल्म म्हणणं काही जमेना. "मी आपला विलासराव म्हंतो," तिनं जाहीर केलं. कोल्हापूरच्या बाया स्वतःबद्दलही 'मी म्हंतो, मी करतो' असंच बोलतात, तशी तीही बोलायची. विलासरावांनी पहिल्याच दिवशी खर्डा-भाकरी खाल्ली. उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ताट पुन्हा पुढं केलं. त्या दिवसापासून ते चिमणाबाईचे लाडके झाले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसायचे आणि एकेका भांड्याकडे बोट करून त्याचं नाव विचारायचे.

पुढच्या गुरुवारी गुंडू देवळाकडे निघाला, तर विलासराव मागोमाग आले. चपला काढल्या, टोपी काढली, खांबाला टेकून बसले. आबांनी परदेशी पाहुणा बघून आवाज आणखी चढवला. भजन रंगलं. विलासराव मात्र अस्वस्थ होत चालले. एकेका गायकाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकू लागले. भजन संपल्यावर ते उठले आणि हातवारे करत लांबलचक बोलले.

"काय म्हंतोय रं?" आबांनी विचारलं.

गुंडूला त्यातले मोजके शब्द लागले होते. आमचं गाव, पुरुष, शंभर वर्षं, आणि 'झिंगन'. म्हणजे गाणं.

"त्यांच्या गावात बी असंच मंडळ हाय म्हंत्यात. गड्यांचंच. शंभर वर्सं झाली म्हणं. समदी मिळून झिंगन करत्यात."

"झिंगत्यात?" आबा ताडकन उठले. "दारू पिऊन भजन?"

"न्हाय वो आबा, झिंगन म्हंजी गाणं!"

देवळात सगळे एकमेकांकडे बघू लागले. शंभर वर्षं! आबांचं मंडळ त्यांच्याच वडलांनी काढलेलं, आणि त्याच्या जुनेपणाचा आबांना केवढा अभिमान. "आनि काय म्हंतोय?" आबांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

साहेब पुन्हा बोलू लागला आणि बराच वेळ बोलला. गुंडूला त्यातलं काहीच कळलं नाही. पण त्यानं मान वर केली तर सगळं देऊळ त्याच्याकडे बघत होतं. इतक्या वर्षांत या देवळात त्याच्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं. समोर ते जाजम होतं, भजन संपल्यावर गुंडाळायचं. गुंडूच्या जिभेवर सरस्वती आली की सैतान, कुणास ठाऊक.

"म्हंत्यात," गुंडू आपल्या खोल आवाजात सावकाश म्हणाला, "त्यांच्यात जाजम म्होरक्या सोता अंथरतो. शंभर वर्सं झाली. त्याबिगर मंडळाला शोभा येत न्हाय म्हणं."

आबा चपला घालून घरी निघाले. पण पुढच्या गुरुवारी गुंडू देवळात आला तर जाजम अंथरलेलं होतं, आणि आबा कमरेवर हात ठेवून, श्वास सावरत बाजूला उभे होते. गुंडूला हसू आवरायला मागं जाऊन टाळांच्या पेटीत तोंड घालावं लागलं.

मग ती रीतच पडली. भजन झालं की विलासराव आपल्या मंडळाचा इतिहास सांगायचे आणि गुंडू त्याचं मराठी करायचा. गावाचं नाव होतं लिंडनबाख, पेठेनं त्याचं लिंबाख केलं. विलासरावांनी एकदा हातानं माग चालवून दाखवला, तेव्हा कळलं की हे मंडळ विणकरांनी काढलेलं. एकदा राजा, पोलीस, झेंडा आणि भट्टी एवढे शब्द गुंडूला लागले. त्यानं जुळणी केली. राजाचे पोलीस मंडळाचा झेंडा जप्त करायला आले आणि मंडळींनी तो पाववाल्याच्या भट्टीत लपवला. हे बहुधा खरंच होतं. पण पोलीस कशासाठी आले, हे काही त्याला कळलं नव्हतं. त्यानं सांगून टाकलं, "म्होरक्या माणसांस्नी चारचौघांत लई बोलायचा. वैतागून एकानं राजाकडं कागाळी केली."

आबांनी त्या गुरुवारी कुणालाच झापलं नाही.

मंडळ फुटल्याची गोष्ट मात्र गुंडूनं जशीच्या तशी सांगितली, कारण तिला मीठ लावायची गरजच नव्हती. म्होरक्या कोण यावरून भांडण होऊन लिंबाखात दोन मंडळं झाली, ओढ्याच्या अल्याड एक, पल्याड एक. दोन्ही एकाच वारी, एकाच वेळी गायची, दुसऱ्याचं ऐकू येऊ नये म्हणून बेंबीच्या देठापासून. अखेर अल्याडच्या पोरानं पल्याडची पोरगी केली आणि लग्नात दोन्ही मंडळांना एकत्र गावं लागलं. ही गोष्ट ऐकून पेठेतली माणसं इतकी सुखावली, की लिंबाख पन्हाळ्याच्या पलीकडंच कुठंतरी असल्यासारखं ती बोलू लागली.

संशय आला तो एकट्या फक्रुद्दीनला. फक्रुद्दीन तबल्या-पखवाजाला शाई घालण्याचं काम करायचा. मंडळाचा पखवाज त्याच्याच हातचा आणि वाजवायचाही तोच. आयुष्यभर नाद पारखलेला कान. एका गुरुवारी गुंडूनं 'लिंबाखात चहा म्होरक्याच्या घरनं येतो' असं सांगितल्यावर फक्रुद्दीननं त्याला देवळाच्या मागं गाठलं.

"गुंडू, साहेब चारच शबुद बोलला. तू पाव घटका बोललास."

"जर्मन भाषा लई घट्ट असती फक्रूभाई. पानी घालून पातळ करावी लागती."

"आनि त्यात चहा कुठं हुता? मला तर ऐकू आला न्हाय."

"जर्मनीत चहाला शबुदच न्हाय."

 फक्रुद्दीन इकडं तिकडं बघून हळूच म्हणाला, "पखवाज वाजवणाऱ्याबद्दल त्या मंडळात काय रीत हाय का? माजं गुडघं धरत्यात रं थंड्या फरशीवर."

पुढच्या गुरुवारी विलासराव नेहमीपेक्षा हळू बोलत होते. मध्येच थांबत होते. एकदा तर त्यांनी बोलणं सोडून खांबाकडे तोंड केलं. गुंडूला 'भाऊ' हा शब्द लागला, पण त्याचं लक्ष फक्रुद्दीनच्या डोळ्यांच्या खुणेकडे होतं. "म्हंत्यात," त्यानं सांगितलं, "वाद्य वाजवणाऱ्याला आमी भावागत मानतो. त्येला मऊ गादी देतो." विलासराव खाली मान घालून बसले होते. आबांनी गादी आणवली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गुंडूला हाव सुटली. चहा झाला, जाजम झालं, शिव्या बंद झाल्या. पण ज्यासाठी जीव तुटत होता ते राहिलंच होतं. एका गुरुवारी विलासराव गाण्याबद्दल काही सांगत असताना त्यानं धाडस केलं.

"म्हंत्यात, लिंबाखच्या मंडळात जाड आवाजाच्या गड्याला सगळ्यांत जादा मान. त्येच्यावाचून मंडळ उभंच ऱ्हात न्हाय."

आबांनी डोळे बारीक केले. गूळ पारखणारा माणूस तो. भेलीच्या आत दडवलेला खडा त्यांना बाहेरून कळायचा.

"असं व्हय? मग गा की. साहेबाच्या म्होरंच गा. कळंल तरी, त्यो काय म्हंतोय त्ये."

 आता गुंडूला मागं फिरायला वाट नव्हती. तो उभा राहिला, डोळे मिटले, आणि इतकी वर्षं पोटात कोंडलेला सूर त्यानं सोडला. समईची ज्योत हलली. देवळाबाहेर बांधलेलं आबांचं घोडं फुरफुरलं.

विलासराव ताडकन उठले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "बास! बास!"

सगळं देऊळ हास्यात बुडालं. कुणी मांडीवर थापा मारत होतं, कुणी टाळ आपटत होतं. "साहेबाला मराठी आली की रं! त्यो बी बास म्हंतोय!" आबा डोळे पुसत म्हणाले. गुंडू जागच्या जागी खाली बसला. भुई फाटून आत घेईल तर बरं असं त्याला झालं.

पण विलासराव हसत नव्हते. त्यांनी गुंडूच्या दंडाला धरून त्याला उभं केलं. स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "बास." मग गुंडूच्या छातीवर ठेवलं. "बास!" आणि गुंडूच्या शेजारी उभं राहून त्यांनी तोंड उघडलं. त्यातून जो सूर आला तो गुंडूच्याही खालचा होता. हसू एकदम थांबलं. विलासरावांनी गुंडूला कोपरानं ढोसलं. गुंडूनं भीत भीत सूर मिळवला. दोन आवाज एकमेकांना भिडले आणि फरशीतून काहीतरी तळपायांत चढलं. फक्रुद्दीननं गादीवर बसल्या बसल्या दोन्ही कानांना हात लावले.

मग साहेबानं हातांनीच समजावलं. माणसांच्या चार रांगा. ही उंच आवाजाची, ही तिच्या खालची, ही त्याहून खालची, आणि ही सगळ्यांत तळाची, बासची. भिंती कितीही उंच असोत, पाया हा. गुंडूला काही सांगावंच लागलं नाही. तो नुसता उभा होता आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं. लबाडी म्हणून जे सांगितलं, नेमकं तेच खरं निघालं होतं.

त्यानंतरचे काही महिने पेठेनं जे भोगलं त्याला तोड नाही. विलासरावांनी दत्ताचा एक साधा नामगजर घेतला आणि चार रांगांना चार चाली दिल्या. आपल्याकडे सगळ्यांनी एका सुरात गायची रीत. शेजारचा वेगळं गातोय म्हटल्यावर प्रत्येक जण त्याला दुरुस्त करायला जायचा, आणि भजनाचं भांडण व्हायचं. देवळाशेजारच्या बायका म्हणायच्या, ही माणसं देवापुढं चार वेगवेगळी गाऱ्हाणी एकदम सांगतायत, देवानं ऐकायचं कुणाचं? आबा पहिल्या रांगेत होते, आणि त्यांना सूर चढवायची खोड. एकदा ते असेच भलतीकडे निघाल्यावर विलासराव अस्खलित कोल्हापुरीत गरजले, "आवं आबा, कुठं निघाला? माघारी या की!"

आबा थक्क झाले. गुंडू मात्र हबकला. साहेबाचं मराठी फौंड्रीतल्या भट्टीपुरतं आणि चिमणाबाईच्या चुलीपुरतं आहे अशी त्याची समजूत होती. घरी येऊन त्यानं बायकोला विचारलं, "विलासरावांस्नी कितपत मराठी कळतंय गं?"

"मी काय मोजून बघितलंय व्हय?" चिमणाबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "परवा माज्याशी शेजारणीचं उणंदुणं काढत बसलतं. तुमच्यापक्षा बरं बोलत्यात."

कोडोलीला भजनाच्या स्पर्धा होत्या. आबांनी मंडळाचं नाव घातलं. उसाची लॉरी रिकामी जाणार होती, तिच्यातून सगळे निघाले. परीक्षक होते गारगोटीचे एक निवृत्त मास्तर, उपरणंधारी आणि शिस्तीचे. आधीची मंडळं गाऊन गेली. मग आबांचं मंडळ चार रांगांत बसलं, तेव्हाच लोकांत कुजबुज सुरू झाली. पहिली रांग लागली, दुसरी लागली, तिसरी मिसळली. आणि मग तळातून गुंडूचा सूर आला.

मांडवामागं गाड्यांची बैलं सोडली होती. त्यांतल्या एकानं मान वर करून तस्साच सूर दिला. मग दुसऱ्यानं. मग रांगेनं सगळ्यांनी.

लोक हसता हसता एकमेकांवर कोसळू लागले. गुंडूचा आवाज तुटला. त्याच्या डोळ्यांपुढे ते जुनं देऊळ, ते जुनं हसू उभं राहिलं आणि त्यानं तोंड मिटून घेतलं. पण त्याच वेळी पहिल्या रांगेतून आबा उठले. पटका सावरला आणि अख्ख्या कोडोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले :

"ए पावणं! हसायचं काम न्हाय! त्यो आमचा बास हाय! तुमच्या अख्ख्या गावात हाय का असला एक तरी? असला तर आणा पुढं!"

कुणीही पुढं आलं नाही. आबा मागं वळले. "गुंड्या, लाव सूर. बैलांकडं ध्यान दिऊ नगंस, त्यास्नी कळतंय म्हणून त्ये गात्यात."

गुंडूनं सूर लावला. बैलं होतीच साथीला. पण आता कुणी हसलं नाही, आणि नामगजर संपला तेव्हा लोक 'आणखी एकदा, आणखी एकदा' म्हणून ओरडत होते. मास्तरांनी मात्र शेवटचा नंबर दिला. "हे चार चाली गातात," ते म्हणाले, "मी गुण नेमके कोणत्या चालीला द्यायचे?" पण लॉरी निघताना तेच मास्तर उपरणं सावरत मागं आले, गुंडूला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तो खालचा आवाज जरा पुन्हा काढून दाखवता का?"

परतीच्या वाटेवर एका गुऱ्हाळाशी लॉरी थांबली. शेवटचा नंबर येऊनही सगळे खुशीत होते. रसाचे पेले फिरले. आबांनी विलासरावांच्या पाठीवर थाप मारली.

"विलासराव, येक इचारू? तुमच्या लिंबाखात चहा खरंच म्होरक्याच्या घरनं येतो व्हय?"

गुंडूनं पेल्यात तोंड खुपसलं.

विलासरावांनी मिशा पुसल्या. "आमच्यात चहा न्हाय. बीर. ज्येची त्यानं आणायची."

"आनि जाजम?"

"खुर्च्या हाईत."

"वाजवणाऱ्याला गादी?"

"वाजवणारा न्हायच."

सगळ्या माना गुंडूकडे वळल्या. फक्रुद्दीन उसाच्या चिपाडांच्या ढिगामागे दिसेनासा झाला. आबांनी पेला खाली ठेवला आणि बाह्या वर सारल्या. "गुंड्या! येवडं वरीस मी जाजम…"

"आबा, बसा," विलासराव म्हणाले. "गुंडू खोटं बोलतो. मला दिवाळीपासनं ठावं हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"लई मज्जा आली." त्यांच्या मिशा हलल्या. मग ते गंभीर झाले. "त्येचा इतिहास चांगला. माझा शेवटाला चांगला न्हाय."

आणि कोल्हापुरीत, एकेक शब्द शोधत, त्यांनी तो सांगितला. लढाई आली. मंडळातली पोरं एकेक करून गेली. त्यांच्या शेजारी उभा राहून बास गाणारा धाकटा भाऊ गेला. ते स्वतः परत आले तेव्हा शाळेत खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि बसायला माणसं नव्हती. मग गावातल्या बाया पुढं आल्या आणि त्यांनी उंच आवाज घेतले. मंडळ चालू राहिलं. "पण खालचा आवाज बाईनं कुठनं आणायचा? मी येकटा. भावाच्या जागंकडं बघून मला गाता येईना. मी गाणं सोडलं. लांबचं काम मिळालं, निघून आलो." ते थांबले. "हे मी देवळात सांगितलं हुतं."

गुंडूला तो गुरुवार आठवला. खांबाकडे केलेलं तोंड, 'भाऊ' हा शब्द, आणि आपण त्याचं काय केलं ते. त्याला वर बघवेना. हातातल्या पेल्यातला रस तसाच राहिला.

 आबा म्हणाले, "गुंड्या, असा बसू नगंस. विलासरावांस्नी रस आण जा." गुंडू उठून जाताना त्यांनी मागून हाक दिली. "आनि चहाचं ऱ्हाऊ दे तसंच. आमच्या हिनं मोठं पातेलं घेतलंय त्येच्यापायी. न्हाई म्हटलं तर मलाच घराभाईर काढंल."

गुंडूनं रसाचा पेला विलासरावांच्या हातात दिला. काय बोलावं ते त्याला जर्मनमध्ये सापडेना आणि मराठीतही. "भावाचं नाव काय हुतं?" त्यानं विचारलं.

"एमिल."

"माज्यावानी जाड आवाज?"

विलासरावांनी विचार केला. "तुझ्यापक्षा बरा. सुरात गायचा."

चिपाडांच्या मागून फक्रुद्दीनचं हसू ऐकू आलं, आणि मग विलासरावही हसले.

यंत्र बसलं, चाललं, आणि उन्हाळा सरता सरता विलासराव निघाले. फौंड्रीच्या मालकांनी हार आणला, चिमणाबाईनं खर्ड्याची बरणी. मंडळ झाडून स्टेशनावर हजर होतं. गाडी सुटायच्या आधी चारी रांगा फलाटावर उभ्या राहिल्या. आबांनी सूर लावला तो मन भरून आल्यामुळे भलताच उंच. डब्याच्या खिडकीतून विलासराव ओरडले, "आबा, खाली या!" कुणा प्रवाशाला वाटलं आपल्यालाच उतरायला सांगतायत, तो बिचारा ट्रंक घेऊन खाली उतरला. गार्डनं शिट्टी तोंडात धरली होती, पण नामगजर संपेपर्यंत काही ती वाजवली नाही. गाडी हलली तरी खिडकीतून तो तळाचा सूर येत होता, आणि फलाटावरून गुंडू त्याला धरून होता. मग गाडीच्या खडखडाटात कुठला सूर कुणाचा ते कळेनासं झालं.

स्टेशनाबाहेर पडताना आबा गुंडूच्या बरोबरीनं चालत होते.

"गुरुवारी लवकर ये. आता तुला विलासरावांचं बी गावं लागणार."

"दोन गड्यांचं मी येकट्यानं कसं गाऊ, आबा?"

"त्ये मला काय इचारतोस? जोडीला कोण गावतंय का बघ. त्यो कोडोलीचा येक बैल बरा हुता."

गुंडू मोठ्यानं हसला. त्या आवाजानं टांग्याचं घोडं बिथरलं, आणि टांगेवाला दोघांनाही शिव्या घालत लगाम ओढू लागला.